‘स्वजन’चे एकशे तीन वाचक

धार,
३ ऑगस्ट १९९८

चि. विनीता हीस उदाजीरावाचे अनेक उत्तम आशीर्वाद. आम्ही दोघे ठीक. तुम्हा तिघांचे कुशल कळत जावे.

तुझे पत्र पोचले. कॉलेजात तुम्हाला वर्तमानपत्रांची मालकी आणि वाचकवर्ग असा विषय लावला आहे हे वाचून करमणूक झाली. तुझ्या काकाने एकतीस वर्षे साप्ताहिक ‘स्वजन’ काढले. मालक मी, संपादक मी आणि अंकांवर तिकिटे चिकटवणाराही मीच. परीक्षा नव्हती म्हणून निभावले. तू ‘अभ्यास करून राहिले’ असे हिंदी वळणाचे लिहिले आहेस. भास्करला ते दाखवू नकोस. माझ्या भावाला त्यात काही खटकणारही नाही, आणि मग मला जास्त वाईट वाटेल.

आता मुद्द्याचे. इंदूरच्या एका मोठ्या हिंदी दैनिकाचे व्यवस्थापक पियूषजी येऊन गेले. त्यांना ‘स्वजन’ हवा आहे. माळव्यातल्या मराठी घरांसाठी दर रविवारी तो त्यांच्या दैनिकासोबत वाटला जाईल, संपादक मीच राहीन आणि आपल्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या भगवंतालाही नोकरी मिळेल. ऐकायला गोड आहे. पण मनावर गावाच्या रस्त्यावरची तेलगिरणी त्या दैनिकाच्याच मालकांची, आणि तिच्या घाण पाण्याने नाला नासला हे वाचकाचे पत्र वैशाखात आपणच छापले होते. तसली किरकोळ पत्रे आधी इंदूरला दाखवावी लागतील, असे पियूषजी हसत हसत म्हणाले. मला हसू आले नाही.

दसऱ्यापर्यंत उत्तर द्यायचे आहे. तुझी काकी प्रेमला म्हणते, वय झाले, द्या आणि मोकळे व्हा. मला एकच जाणून घ्यायचे आहे. अंक जातात, वर्गणीही येते, पण लोक वाचतात का? वाचत असतील तर मी देणार नाही. गणपतीला येशीलच, तेव्हा घरोघर जाऊन विचार. तुझाही अभ्यास होईल.

भास्करला आणि वहिनींना आमची आठवण सांगावी. लोभ आहेच, तो वाढता ठेवणे तुझ्याकडे लागले.

तुझा काका,
उदाजीराव

———

देवास,
६ सप्टेंबर १९९८

तीर्थरूप काकासाहेब व काकीसाहेब यांना विनीताचा शि. सा. नमस्कार. मी सुखरूप पोचले. बस धारहून निघाली तीच एक तास उशिरा, बाकी सगळं बढिया.

काकासाहेब, खुशखबर! काल सगळे कागद मांडून बसले. एकशे बारा घरं झाली आणि त्यातली एकशे तीन घरं ‘स्वजन’ नेहमी वाचतात! फक्त नऊ नाही म्हणाली, आणि त्यातल्या दोन घरी आजींना दिसतच नाही. मला तर विश्वास बसेना.

काकीसाहेबांची आयडिया एकदम भारी होती. प्रत्येक घरी आधी गणपतीचा प्रसाद द्यायचा, उदाजीरावांची पुतणी म्हणून सांगायचं आणि मग प्रश्न विचारायचे. कुणी दारातून परत पाठवलं नाही. विनोदिनीमावशींकडे तर पोहे खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. त्या म्हणाल्या, रविवारी अंक आला नाही तर चुकल्यासारखं होतं. एक काका म्हणाले, उदाजीरावांचा अग्रलेख म्हणजे तोफ आहे, भिया, तोफ!

आमचे सर शिकवतात की मालक कोण आहे त्यावरून काय छापलं जाणार नाही ते ठरतं. मग तुम्ही कशाला देता त्या इंदूरवाल्यांना? तुमच्यामागे एवढे लोक आहेत. साफ नाही म्हणून टाका.

प्रेम करता तसंच करत राहा. काकीसाहेबांच्या मोदकांना वेगळा नमस्कार.

तुमची,
विनीता

———

धार,
४ ऑक्टोबर १९९८

चि. विनीतास, तुझ्या काकाचे भरभरून आशीर्वाद.

सोने लुटले त्याच संध्याकाळी पियूषजींना नकार कळवला. तुझा कागद समोर ठेवूनच पत्र लिहिले. एकशे तीन! मी मनात साठ धरले होते. विनोदिनीबाईंचे वाक्य प्रेमलाला दोनदा वाचून दाखवले, तर ती म्हणाली की त्या बाईला बोलायला कुणी शिकवायला नको. तिच्याकडे मी लक्ष दिले नाही.

पियूषजींनी उलट कळवले आहे की ते आपले स्वतंत्र मराठी पान काढतील. काढू देत. आमच्याकडे माणसे आहेत. भगवंताला मी तसे सांगितले. तो चष्मा पुसत राहिला. त्याचीही नोकरी या नकारात गेली हे मला रात्री उशिरा उमगले. माणूस आनंदात असला की स्वार्थी होतो.

या कामी तुझी मदत झाली, ती मी विसरणार नाही. आपुलकी अशीच असू दे.

उदाजीराव

———

देवास,
९ डिसेंबर १९९८

तीर्थरूप काकासाहेबांना शि. सा. नमस्कार. इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावला असाल. परीक्षा होती, मग आईला ताप आला. आता ती बरी आहे.

माझ्या प्रोजेक्टला वर्गात सगळ्यात जास्त नंबर मिळाले. पण सरांनी एक प्रश्न विचारला तो डोक्यातून जात नाही. घरोघर विचारायला कोण गेलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मीच. ते फक्त अच्छा म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्यात काय चुकलं?

तुमचे सगळे अंक वेळेवर मिळतात. नोव्हेंबरचेही मिळाले. अग्रलेख नेहमीसारखे छान, आणि त्यातला शेवटचा अंक तर फारच आवडला.

इकडे थंडी पडली आहे. तुम्ही मफलर वापरत जा. मायेची सवय झाली आहे, ती मोडू नका.

विनीता

———

धार,
२८ डिसेंबर १९९८

चि. विनीता हीस आशीर्वाद.

हे पत्र लिहू की नको करत दोन आठवडे घालवले. रागाने लिहीत नाही, एवढे आधी समजून घे.

नोव्हेंबरच्या अखेरीस भगवंत मुलीच्या सासरी मनावरला गेला होता. जाण्यापूर्वी त्याने नवी पाने जुळवून, दोऱ्याने बांधून ठेवली होती. यंत्रावर मात्र मागच्या आठवड्याची पाने तशीच चढलेली होती. मला ताप होता. अंकाची तारीख मी नेहमी सर्वांत आधी बदलतो, तशी बदलली, आणि बाकी पाने न पाहता छापून मोकळा झालो. एकोणतीस नोव्हेंबरचा अंक म्हणजे शब्दन् शब्द बावीसचा अंक. चूक सर्वस्वी माझी. लक्षात आली तोवर सगळे अंक टपालात पडले होते.

खुलासा लिहायला बसलो, तर प्रेमला म्हणाली की थांबा, कोण काय लिहून कळवते ते पाहू. आम्ही थांबलो. एक आठवडा, दोन, चार. कुणीही काही कळवले नाही. त्या अंकात नारायणरावांच्या तेराव्याचे निमंत्रण होते. तेरावे चोवीसला झाले आणि एकोणतीसच्या अंकात मी लोकांना पुन्हा चोवीसलाच जेवायला बोलावत होतो! त्यांचा थोरला बाजारात भेटला आणि म्हणाला, अंक छान निघतोय. विनोदिनीबाई एका लग्नात भेटल्या. त्याही तेच म्हणाल्या.

आणि त्यातच तुझे पत्र आले. शेवटचा अंक फारच आवडला म्हणून.

तुझ्या सरांनी काय विचारले ते मला कळले. हातात गणपतीचा प्रसाद घेऊन आलेल्या पुतणीला, तुझ्या काकाचा अंक वाचत नाही असे कोण म्हणेल? ते खोटे बोलले नाहीत बाळ, त्यांनी माझा मान ठेवला. त्या मानावर विसंबून मी नकार दिला, आणि आता भगवंताच्या तोंडाकडे पाहवत नाही.

पुढे काय करायचे ते ठरवले आहे. ते इथे लिहीत नाही. तीन जानेवारीच्या अंकात छापतो आहे.

उदाजीराव

———

देवास,
३० जानेवारी १९९९

तीर्थरूप काकासाहेब,

नमस्कार लिहायचीही लाज वाटते आहे, तरी करते.

खरं सांगते. गेली दोन वर्षं मी ‘स्वजन’ उघडलेलाच नाही. बाबा टपालातून आणून टेलिफोनखाली ठेवतात आणि तिथंच त्यांचा ढीग झाला आहे. बाबाही वाचत नाहीत. बोलते तशी मराठी मी लिहू शकते, पण शाळा सगळी हिंदीत झाली. छापलेली मराठी घेऊन बसले की चार ओळींत दमते. तुमच्या अग्रलेखातले अर्धे शब्द मला येत नाहीत. हे तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून छान छान लिहीत राहिले. ज्यांच्या घरी पोहे खाल्ले त्यांच्यात आणि माझ्यात काहीच फरक नाही.

तुमचं पत्र वाचून इतकी घाबरले की तीन जानेवारीचा अंक आला तो मी कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला. बंद केला असं छापलं असेल, आणि ते माझ्यामुळे, असंच वाटत होतं. काल रात्री काढला. पहिल्या पानापासून एक एक शब्द वाचत गेले. अडलं तिथं बाबांना विचारलं. तेही दोन ठिकाणी अडले, मग माझ्याजवळच बसून राहिले. आम्हाला अडीच तास लागले. चौथ्या पानावर, तळाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात ते सापडलं. ही सूचना ज्यांच्या वाचनात येईल त्यांनी सव्वीस जानेवारीपर्यंत एक कार्ड टाकून कळवावं, जेवढे असतील तेवढ्यांसाठी विचार करू, नाहीतर अंक थांबेल.

आज तीस तारीख आहे. बाबा उठून बाहेर गेले.

काकासाहेब, मी वाचलं. उशिरा वाचलं, पण खरंच वाचलं. किती कार्डं आली? माझं नाव त्यात लिहून घ्या. बाबांचंही लिहा, मी हात जोडते. आणि एक गोष्ट. तिसऱ्या पानावर बाग गावच्या कापड छापणाऱ्यांच्या बातमीत एक ओळ दोनदा पडली आहे.

पदरात घ्या.

विनीता

———

धार,
३ फेब्रुवारी १९९९

चि. विनीतास आशीर्वाद.

कार्डे नऊ आली. त्यांची नावे तुझ्या यादीशी ताडून पाहिली. एकशे तीन घरांपैकी एकही नाही. तू नाही म्हणून लिहिलेल्या घरांपैकीही कुणी नाही. एक कार्ड मोहनखेड्याच्या धर्मशाळेतल्या मराठी मुनिमाचे आहे, एक बागच्या पोस्टमास्तरांच्या पत्नीचे. बाकीच्यांना मी ओळखतही नाही. एकतीस वर्षे ते वाचत होते आणि मी भलत्याच घरांसाठी लिहीत होतो.

नवांसाठी यंत्र चालत नाही. सत्तावीसला ते उचलून नेले. भगवंताला पियूषजींकडे मी स्वतः घेऊन गेलो. त्यांनी बसवून चहा दिला आणि सांगितले की त्यांच्या मराठी पानाला आता खिळे जुळवणारा लागत नाही, संगणकावर होते. भगवंत परतीच्या बसमध्ये माझ्याशी नेहमीसारखाच बोलत होता, ते मला फार जड गेले.

दोनदा पडलेली ओळ मी पाहिली. तुझे बरोबर आहे. एकतीस वर्षांत घरच्या माणसाने दाखवलेली ती पहिली चूक. पत्र हातात घेऊन मी रडलो, प्रेमलाने पाहिले.

असे एक पत्र यावे म्हणून संपादक जन्मभर वाट पाहतो. तुझे आले, बाळ, पण इथे आता संपादक कुणी राहत नाही.

उदाजीराव