निळ्या रंगाचे चौदा थर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जुन्या इटालियन पोलादी शर्यतीच्या सायकली दुरुस्त करणे, रंगवणे आणि त्या मुळात कोणत्या कारागिराच्या हे ओळखून देणे, आज दुपारी जेवून, चहा पिऊन, पूर्ण शुद्धीवर बसून हे मृत्युपत्र करीत आहे. डॉक्टरांनी काल तपासून मी ठीक असल्याचा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. त्यात माझी नजर अधू झाल्याचे लिहिले आहे ते खरे नाही. भिंगाशिवाय दिसत नाही एवढेच. हे लिहिताना कोणी धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवू शकेल असे माणूस अजून पाहण्यात आलेले नाही, असे माझे दीर चारचौघांत सांगत असतात. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते.

१. राहते घर. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी नातीच्या नावे करीत आहे. मुलीने मला फोनवर स्पष्ट सांगितले, "घर हिच्या नावे कर, मला तुझ्याकडचं काही नको." तिचा शब्द पाळला आहे. बँकेतली ठेवही नातीच्या शिक्षणासाठीच. स्वयंपाकघराचा नळ घट्ट बंद केला की गळतो, थोडा सैल ठेवला की गळत नाही. हे तिला सांगावे.

२. कामाची खोली आणि तिच्यातले सामान. स्टँड, पाने, बेअरिंगच्या छर्ऱ्यांचे डबे, रंगाचे ब्रश आणि मोजमापाची सगळी हत्यारे डाखवाल्याला द्यावीत. तो माझ्याकडे बावीस वर्षे नळ्यांना पितळी डाख देतो आहे. बावीस वर्षांत त्याची एक नळी सुटलेली नाही आणि त्याने एक कप धुतलेला नाही. कपही त्यालाच द्यावेत, म्हणजे कळेल.

३. नोंदवही. आजवर ओळखलेल्या प्रत्येक सायकलीची नोंद या वहीत आहे. तीही डाखवाल्याकडे राहावी, पण बघायला मागेल त्याला दाखवावी. सायकल ओळखताना आधी स्टिकर पाहू नये. स्टिकर कोणीही चिकटवतो. सायकल उलटी करून पायडलच्या दांड्याखाली ठोकलेला नंबर वाचावा. मग सीटची दांडी जिथे आत जाते ते नळीचे तोंड मोजावे. उत्तम पातळ नळीचे सत्तावीस पूर्णांक दोन मिलिमीटर भरते, हलक्या प्रतीच्या जाड नळीचे कमी. मग पुढचे चाक धरणारा चिमटा सोडवून त्याच्या नळीत खालून करंगळी घालावी. कोलंबस या इटालियन कारखान्याची चांगली नळी असेल तर आत पाच वळणदार कंगोरे बोटाला लागतात. लागले नाहीत तर गिऱ्हाइकाला आधी खुर्ची द्यावी आणि मग सांगावे.

४. माझे दीर. लग्न होऊन मी या दुकानात आले तेव्हा मला पाट्या रंगवता येत होत्या, सायकलीतले काही कळत नव्हते. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही रंग मारा, नंबर आम्ही वाचू." पुढे वर्षभरात त्यांनी बारीक तोंडाच्या नळीत जाड दांडी हातोड्याने ठोकून बसवली आणि एका गिऱ्हाइकाची चांगली फ्रेम उभी चिरली. दांडी आत का जात नाही हे मी मोजून दाखवले. त्या दिवसापासून नंबर मी वाचते. आता भांडण संपवते. त्यांना माझा रबरी हातोडा द्यावा. बाकी कशावर त्यांनी हक्क सांगू नये, विशेषतः सहाव्या कलमावर.

५. गॉगलवाला. या गृहस्थांकडे सात सायकली आहेत आणि त्यातली लाल इटालियन असल्याचे मी लिहून द्यावे म्हणून ते चार वेळा जिना चढून आले. ती इटालियन नाही. पाचव्यांदा येण्याचे कष्ट नकोत म्हणून इथे लिहून ठेवते. माणूस वाईट नाही. मी आजारी होते तेव्हा रोज सकाळी येऊन खिडकी उघडून, पाण्याचा तांब्या भरून जायचे आणि त्या आठवड्यात एकदाही लाल सायकलीचा विषय काढला नाही. त्यांना माझे दुसरे भिंग द्यावे. त्यातून त्यांनी लाल सायकल स्वतः पाहावी.

६. माझ्या दिवंगत पतींची सायकल. खरे तर या एका कलमासाठी वकिलांना बोलावले, बाकीची ओघाने आली.

लग्नाआधी त्यांनी ती भंगारवाल्याकडून नुसत्या सांगाड्याच्या रूपात आणली. कोण्या शर्यतीला आलेले परदेशी खेळाडू जाताना सायकली विकून जात, त्यातली असावी. तिच्यावर कोणीतरी काळा रंग फासलेला होता. यांनी तिला साधे हँडल, कॅरिअर आणि घंटी बसवली आणि आयुष्यभर तिच्यावरून बँक, बाजार, शाळा सगळे केले. पुढच्या आडव्या नळीवर एक छोटी सीट होती, ती मुलीची.

मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हापासून शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की पहिल्या रविवारी बापलेक जिन्यात जुनी वर्तमानपत्रे अंथरून सायकलीला निळा रंग द्यायची. खिडकीच्या गजांना लावतात तो. खालची बाजू मुलीची, कारण खाली बसून तिचा हात तिथवर पुरायचा. ओघळ सुटायचे, ब्रशचे केस रंगात अडकायचे. मी वरून ओरडायचे, "अहो, आधी घासून तरी घ्या." ते म्हणायचे, "तू तुझ्या इटालियन बघ. आमची साधीच आहे." मुलगी एकोणीस वर्षांची होऊन नोकरीसाठी बाहेर पडली, तोवर एकही वर्ष चुकले नाही. नंबर रंगाखाली पार बुजून गेला. मी जगाच्या सायकली उलट्या करून पाहिल्या, घरातली एकदाही पाहिली नाही.

ते गेल्यावर पाचव्या आठवड्यात मी ती सायकल स्टँडवर चढवली. हाताला काम हवे होते. रडू येत नव्हते आणि नुसते बसवत नव्हते. सहा दिवस घासली. निळा गेला, काळा गेला आणि खाली मूळचा केशरी रंग निघाला, जवळजवळ पुरता शाबूत. सांध्यांवरच्या लोखंडी टोप्यांत बदामाच्या आकाराची खिडकी कापलेली, चिमट्याला क्रोम, आत पाच कंगोरे, खाली नंबर. ती एका छोट्या इटालियन कारागिराच्या हातची होती. माझ्या हाताखालून गेलेली सर्वांत उत्तम सायकल तीस वर्षे माझ्याच जिन्यात उभी होती. मला अतिशय आनंद झाला. हे लपवत नाही. नवरा जाऊन महिना उलटलेली बाई कामाच्या खोलीत एकटीच हसत होती.

आमच्या धंद्यात एक नियम आहे आणि तो मीच डाखवाल्याला शिकवला. जुना रंग कितीही वाईट असो, पायडलच्या दांड्याखाली अंगठ्याएवढा तुकडा तसाच राखायचा, म्हणजे सायकल कोणाकोणाच्या हातातून गेली ते पुढच्याला कळते. गिऱ्हाइकांच्या प्रत्येक सायकलीवर मी तो राखला. या सायकलीवर राखला नाही. नंबर त्याच जागी होता आणि मला नंबर हवा होता.

मी मुलीला बोलावून घेतले. ती आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "ही कुणाची?"

"बाबांची. अगं, बघ तरी काय निघालं खालून." मी कंगोरे, खिडकी, नंबर सगळे सांगत सुटले. तिने मला अडवले नाही. टेबलावर वही उघडी होती. तिने ती उचलली आणि मला वाचून दाखवली, "नंतरचे काम: निळा घरगुती रंग, ब्रशने, चौदा थर. अडाणी. काढून टाकले."

मग वही होती तशी ठेवून म्हणाली, "आई, तू सगळ्यांच्या सायकली ओळखतेस. बाबांची तेवढी तुला ओळखता आली नाही."

याला नऊ वर्षे झाली. ती फोन करते, माझ्या औषधांची चौकशी करते, नातीला घेऊन येते. पण बाहेरच्या खोलीत बसते. कामाच्या खोलीत त्यानंतर तिने पाऊल ठेवलेले नाही. मी मुद्दाम केले नाही हे तिला ठाऊक आहे. मुद्दाम केले असते तर कदाचित ती भांडली असती आणि मिटले असते. भिंग डोळ्याला लागले की मला माणसे दिसत नाहीत, हा माझा दोष आहे, आणि तो तिने लहानपणापासून सोसला आहे.

म्हणून ही सायकल मी मुलीला देत आहे. वहीतली नोंद या कलमाने दुरुस्त करीत आहे. "अडाणी" हा शब्द मागे घेते. त्या जागी असे वाचावे: "चौदा थर बापलेकीने चौदा वर्षांत दिले. काढणारीची चूक." सायकलीला काय करायचे ते मुलीने ठरवावे. केशरीवर खिडकीच्या गजांचा रंग फासावासा वाटला तर खुशाल फासावा, न घासता. कोणी जाणकार हळहळला तर माझे हे कलम त्याच्यासमोर धरावे. तिला ती नकोच असेल तर डाखवाल्याने घ्यावी आणि रोज वापरावी. भिंतीवर टांगू नये.

वकील म्हणाले, "बाई, यातलं निम्मं कायद्यात बसत नाही." मी म्हटले, "मग बसवू नका, नुसतं लिहा."

७. मुलीने मला माफ करावे अशी अट कुठेही घातलेली नाही. माफी अशी मागून घेता येत नाही, हे या वयात मला कळते. पण ती हवी आहे. एवढे या कागदावर असू द्यावे.

वरील मजकूर टंकलेला आहे. इथून पुढचे मी सहीच्या आधी, सर्वांसमक्ष, हाताने लिहीत आहे.

साक्षीदार म्हणून मी खालच्या घड्याळजींना आणि माझ्या मुलीला बोलावले होते. तिला काही नको आहे, निदान सही तरी करील, असा माझा हिशेब होता. ती वेळेवर आली. बाहेरच्या खोलीत बसून तिने सगळी पाने वाचली, सहावे कलम दोनदा. मग पेन उघडले. तेवढ्यात वकिलांचे साक्षीदारांच्या नावांकडे लक्ष गेले. ते म्हणाले, "एक मिनिट. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. ताईंनी सही केली तर सायकलीचं कलम त्यांच्यापुरतं रद्द होईल."

मी मुलीला म्हटले, "तुला तर काही नकोच आहे. कर सही."

मग तिने पेनाला टोपण लावले आणि वकिलांना म्हणाली, "दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

खालून शिंपीणबाईंना बोलावले आहे. त्या येईपर्यंत मी हे लिहिते आहे. मुलगी कामाच्या खोलीत गेली आहे.

ठिकाण: राहते घर, दुकानावरचा मजला
दिनांक: नऊ ऑक्टोबर, मंगळवार, दुपारी सव्वाचार

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार
१. घड्याळजी, तळमजला: (सही)
२. मृत्युपत्र करणारीची मुलगी (हे नाव तिच्या स्वतःच्या सांगण्यावरून खोडले आहे)
२. शिंपीणबाई, तळमजला: (सही)