ड्रम वर, शेगडी थंड

उस्ताद, पहिली निळी ज्योत मला कितीला पडली ते आधी सांगतो. चार ट्रॉल्या शेण, दोन जोड चपला, दीड महिना वाट बघणं, आणि तेवढे दिवस शेणाच्या वासापायी बायकोनं माझं ताट बाहेर ओट्यावर वाढलं ते वेगळंच. तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. मी आता इंजिनं उघडत नाही. दुकान बंद केलं. लातुरात क्लासला आलेल्या पोरांच्या मेस आहेत, त्यांच्या खरकट्यापासून गॅस करतो. एका मेसच्या मागं माझी पहिली टाकी आहे. विहिरीसारखा बांधलेला खड्डा, त्यात शेणपाणी आणि उरलेलं अन्न, वरून पालथा घातलेला लोखंडी ड्रम. आत गॅस धरला की ड्रम वर उचलला जातो आणि नळीतून गॅस सरळ स्वयंपाकाच्या मावशीच्या शेगडीला. मेसचे मालक आप्पा, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, नळीला कान लावला की आतलं दुखणं मला कळतं. शिकलो कुणाकडं? तुमच्याकडं.

विष्णुपुरीच्या कॉलेजात पाण्याची मोटार बिघडली होती तो दिवस आठवतो का? मी जाताक्षणी पाना काढला आणि बोल्ट सोडायला बसलो. तुम्ही दारात उभे, तोंडात पान. "अरे मियाँ, अल्ला ने कान कायको दिए? चश्मा टांगने को?" सगळे शिपाई हसले. मग तुम्ही तुमचा लाकडी मुठीचा पेचकस माझ्या हातात दिलात, टोक मोटारीवर टेकवायला लावलंत, मूठ कानाला. आत बेअरिंग खरखरत होतं, स्पष्ट. संध्याकाळी नांदेडला परत येताना तो पेचकस "रख ले" म्हणून मलाच दिलात. त्या कानावर मी तीस वर्षं पोट भरलं.

तर यंदाच्या श्रावणात असं झालं. आप्पा शंकराचे मोठे भक्त. सोमवारी मेसमध्ये सगळ्यांनाच साबुदाण्याची खिचडी. पोरं कशाला खातात, कोपऱ्यावर जाऊन वडापाव खाऊन आली. दोन पातेली खिचडी तशीच. आप्पा म्हणाले, "उपासाचं अन्न हाय, गटारात न्हाई टाकायचं." मी ऐटीत म्हणालो, "टाकीत घाला आप्पा, किती का असंना, पचवती ती." दोन सोमवार तेच. ड्रम असा वर आला की कडेला टेकला. मी नळीला कान लावतो, आत नुसती खदखद. "ऐका आप्पा, कसं बोलून राहिलंय! दुसरी शेगडी आणा."

सकाळी मावशीनं काडी ओढली. नळी फुसफुसली, काडीच विझली. दुसरी काडी, तिसरी. गॅस तर येतोय आणि जळत नाही, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. नळीतलं पाणी काढलं, कॉक बदलला, सांधे साबण लावून तपासले. सगळं ठीक. मला राग येण्याऐवजी गंमतच वाटायला लागली, की आत आहे तरी काय? आप्पांना गंमत वाटत नव्हती. "पोळ्यापर्यंत पेटलं तर पेटलं. न्हाईतर मुरूम टाकून बुजवतो. पोरांच्या गाड्या तरी लागतील." ही टाकी बुजली असती तर त्या गल्लीत दुसऱ्या कुण्या मेसवाल्यानं मला दारात उभं केलं नसतं, आणि दुकान तर मी आधीच बंद केलेलं.

मावशी उदगीरकडची, पन्नास माणसांच्या भाकरी एकटी थापती. बादली रिकामी करायला मागं आली आणि तिथंच थांबली. "मिस्त्रीभाऊ, कान काय लावून राहिलात? नाक लावा की. आंबलंय हे. लेकराला लई भरवलं की पोट फुगतंय, तसं. तुम्ही समद्यांनी उपास केला अन् ह्याच्या पोटात घातलं. आता ह्याला उपास घडवा."

क्लासच्या एका सरांकडून लिटमसची पट्टी मागून आणली. बुडवली तर लाल, म्हणजे आंबटच. मग त्यांनीच समजावलं: आत दोन जातीचे जीव असतात. एक अन्न आंबवणारे, धडाधड काम करणारे; दुसरे त्या आंबटातून जळणारा गॅस करणारे, सावकाश. खिचडीवर पहिले तुटून पडले आणि दुसरे त्या आंबटात गुदमरले. ड्रम भरला तो न जळणाऱ्या हवेनं. अन्न बंद केलं. ताजं शेण, थोडी चुन्याची निवळी, रोज एक पट्टी. बारा दिवस. पोळ्याच्या आदल्या सकाळी काडी ओढली, निळं फूल उमललं. आप्पांनी माझी पाठ थोपटली. "कसं ओळखलं हो?" मावशी सणाला गावी गेलेली. मी म्हणालो, "कानानं." आता आप्पा इतर मेसवाल्यांना घेऊन येतात, हीच गोष्ट सांगतात. मावशी पलीकडं भाकरी थापत ऐकती.

हे पत्र तुमच्या मुलाकडं द्यावं असं मनात होतं, पण देणार नाही. त्याला वाटतं मी तुमचं नाव राखलं. खरं एवढंच आहे, उस्ताद: शेगडी पेटली त्या दिवशीही मी नळीला कान लावून पाहिला होता. बिघडली होती तेव्हा जी खदखद ऐकू आली, अगदी तीच त्या दिवशीही ऐकू आली.