गच्चीवरचा खडूचा बाण

प्रिय शहाणे,

पत्र बघून आधी हसशील. चौथीतून पळालेला माणूस पानंच्या पानं लिहितोय म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे तुला वाचायच्या आधीच कळेल. बिघडलंयच. तब्येत ठणठणीत आहे, तू घाबरू नकोस. घाबरायचं काम सध्या मी एकटा व्यवस्थित करतोय. फोनच केला असता, पण फोन तुझ्या अब्बांच्या खिशात असतो, आणि होणाऱ्या सासऱ्यांशी बोलताना माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून आमचा स्वयंपाकी सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. वेलांट्या तपासत बसू नकोस.

काम तेच, उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायच्या. गच्चीवरून दोरांनी पाळणा सोडतात, त्यात दोघं उभे राहतात. आमच्यात एक पद्धत आहे. कमरेच्या पट्ट्याला दोर बांधला की आपली गाठ आपण तपासायची नाही, जोडीदाराने तपासायची. आपली ती आपल्याला बरोबरच वाटते ना! माझा जोडीदार गाठकाका. खरं नाव कुणी विचारलं नाही. त्याच्यासारखी गाठ कुणाला येत नाही म्हणून हे पडलं. पहिल्या दिवशी मी सारखा खाली बघत होतो, तर म्हणाला, खाली कशाला बघतोस, समोर काचेत बघ, स्वतःचं थोबाड दिसेल, तेही काही कमी भयानक नाही. आणि एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. मध्यंतरी वाऱ्याने पाळणा भिंतीवर आपटला आणि मी बाहेर फेकला गेलो. नुसत्या दोरावर लोंबकळत होतो. त्याच सकाळी काकाने माझी गाठ सोडून पुन्हा बांधायला लावली होती, आणि मी मनात त्याला शिव्या घातल्या होत्या.

दुपारी आम्ही गच्चीवरच नमाज पढतो. काका आमच्या रांगेत कधी यायचा नाही. हात-तोंड धुऊन टाकीच्या पलीकडे एकटाच उभा राहायचा, तोंड भलतीकडे, आणि आमचं सुरू होतंय तोवर त्याचं संपलेलं. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला दिशा कळत नाही. मुकादमाला दया आली. (मुकादम म्हणजे आपल्याच गल्लीतला, अब्बांना ओळखणारा, ज्याने मला इथे चिकटवलं तो.) त्याने खडूने किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, मोठा बाण काढून दिला, म्हणाला, घ्या काका, आता चुकलात तर चष्मा बदला. दुसऱ्या दिवशी काका बाणाजवळ उभा राहिला आणि पुन्हा तिरकाच. सगळे खो खो हसले. मुकादमाने त्याचे खांदे धरून त्याला सरळ केलं. काकाने प्रार्थना थांबवली आणि शांतपणे सांगितलं, मुकादम, बाण बरोबर आहे, पण तुमचा. मी बहाई आहे, आमची दिशा दुसरी.

हसणं एकदम बंद झालं. मुकादमाने त्याच्या खांद्यांवरचे हात झटकन काढून घेतले.

त्यानंतर पाळण्यात मीच विषय काढला. अब्बांनी शिकवलंय तेवढं सगळं बोललो. की आपले पैगंबर शेवटचे, नबींवरची मोहोर, त्यांच्यानंतर जिब्रील फरिश्ते कुणाकडे अल्लाहचा संदेश घेऊन आले नाहीत, येणार नाहीत. काका काच पुसत ऐकत होता. म्हणाला, तुझे पैगंबर खरे आणि कुराण अल्लाहचंच, यावर माझं तुझं भांडण नाही. मोहोरही मानतो, येणाऱ्या दिवसाची खबर देणाऱ्यांचा काळ त्यांच्यापाशी संपला. पण तो दिवस उगवला, असं आम्ही म्हणतो. आमच्या धर्माचे बहाउल्लाह तोच पैगाम आजच्या काळासाठी घेऊन आले, आणि त्यांच्यानंतरही, हजारेक वर्षांनी का होईना, कुणी येईल. शाळा एकच, वर्ग बदलला की गुरुजी बदलतात. देव बोलायचा थांबेल कसा?

मी म्हणालो, थांबलाय कुठे? अब्बा म्हणतात, पुस्तक पुरं झालं, एक अक्षर हललं नाही, आणि रोज उघडलं की तो रोज बोलतो. पुरं होणं म्हणजे गप्प होणं नव्हे. काकाने मान हलवली. म्हणाला, सासरे चांगले मिळालेत तुला. आणि वरच्या मजल्याचा राहिलेला डाग दाखवला.

शहाणे, मला त्याचं पटलं नाही. तुझी शपथ, नाही पटलं. पण मला रागही आला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते. मुकादमाला आला, बाकीच्यांना आला, मग मला का नाही? अंथरुणावर पडलो की वाटतं, आत कुठेतरी काही सैल तर झालं नाही ना, आणि आपली गाठ आपल्यालाच कशी दिसावी. हे तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

आता खरी गोष्ट. काल मुकादमाने सगळ्यांना गोळा केलं. म्हणाला, उद्यापासून याच्याबरोबर पाळण्यात कोण उतरणार ते गच्चीवर सगळ्यांदेखत विचारीन. कुणीच नाही उतरला तर म्हातारा आपोआप घरी, एकट्याला पाळणा देत नाहीत. आणि जो उतरेल तो त्याच्यातलाच. मग मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला, अगदी मोठ्या भावासारखा, आणि म्हणाला, तू गप्प उभा राहा, नाहीतर अब्बांना फोन करावा लागेल, जावई फिरला म्हणून. 

मी गप्प उभा राहणार नाही. पाच वेळा त्याच बाणाकडे तोंड करतो आणि मरेपर्यंत करीन. पण ज्याच्या तपासण्यामुळे मी आज तुला लिहितोय, त्याच्या शेजारी कोण उभं राहणार असं विचारलं, तर माझा हात वर जाईल. मुकादमाचा फोन या पत्राच्या आधी पोचला, तर अब्बा सोयरीक मोडतील. मला त्यांचा राग येणार नाही. नंतर पोचला, तर निदान तुला तरी माझ्याकडून कळलेलं असेल. अब्बांना हे वाचून दाखवायचं की चुलीत घालायचं, ते तू ठरव. फक्त एक कर. मी सैल झालोय का, हे तू बघ. तू सांगशील ते मी खरं मानीन.

खालून हाक मारतायत. पाळणा तयार आहे.

तुझाच,
भिंगरी