चौथ्या टाकीचं पाणी

४ मार्च
चौथ्या टाकीत अकरा मासे मेले. काल चार होते. जाळीने काढले. गेल्या आठवड्यात टाकीत मासे वाढवले, म्हणून आधी पाणी तपासलं — अमोनिया शून्य! नळीतलं पाणी पिवळं ते पिवळंच. कार्डावर हिरवं झालं तर धोका.

५ मार्च
खाणं बंद केलं. तरी मासे वर येऊन तोंडं उघडतायत. तपासणीचं रसायनच शिळं असणार. मालक म्हणाला, "काका, नवं मागवतो." पोरगा सभ्य आहे, पण दोनदा विचारलं, "थेंब मोजून टाकले ना?" चोवीस वर्षं थेंब मोजतोय मी. राग आला. गिळला.

६ मार्च
दिवसभर कोणाशी एक शब्द बोललो नाही.

८ मार्च
नवी बाटली आली. थेंब टाकायचे, नळी हलवायची, पाच मिनिटं थांबायचं. ही पाच मिनिटं सरत नाहीत. बायको जाऊन पाच महिने झाले. घर खायला उठतं म्हणून कामावर लवकर येतो, तर इथे भिंतीकडे बघत बसतो. फार एकटं वाटतं.
शून्य. सव्वीस मेले.

९ मार्च
मालकाने नळी माझ्या हातातून घेतली, दाराशी उजेडात नेऊन कार्डाला लावली. मग हळूच, "काका, हे हिरवं आहे. चांगलं गडद." मी परत पाहिलं. मला पिवळंच दिसलं.
दोघांनी मिळून अर्धं पाणी बदललं. जाताना म्हणाला, "उद्यापासून तपासणी मी करतो. तुम्ही खाण्याचं बघा."
आजवर एक टाकी गेली नव्हती माझ्या हातून! मोतीबिंदू असेल. वय झालं, दुसरं काय.

१० मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरबाई म्हणतात, मोतीबिंदू नाही. हिरव्या-पिवळ्यातला फरक तुम्हाला जन्मापासूनच कळत नाही. काहीतरीच! मग इतकी वर्षं मी वहीत काय मनाचं लिहीत होतो?

११ मार्च
मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आईला माहीत होतं, बाबा. रोज तपासणीच्या वेळेलाच डबा घेऊन यायची, ती उगाच नाही. 'आज जरा हिरवट वाटतंय, नाही?' असं म्हणायची ना?"
म्हणायची. मी खेकसायचो, "दिसतंय मला." आणि हिरवट लिहायचो.