फिटनेसपुरता फिल्टर

६ जुलै, मोर्शी
नर्सरीच्या कुंपणावर चादरी वाळत घातल्या होत्या. पिकअप सुरू झाली आणि कडेच्या दोन चादरींवर काळं पसरलं. तेलकट, साबणानेही निघेना. गाडी घेऊन उणीपुरी दोन वर्षं, तीही नवीकोरी. आमचे ड्रायव्हर रऊफभाई म्हणाले, "डिझेलच खराब येऊन राह्यलं, ताई." मागच्या वाफ्यातल्या कलमांची पानं पुसून बघितली. तिथेही तेच. शी.

९ जुलै
अकोल्याची ऑर्डर, संत्र्याची कलमं. रऊफभाई भरल्या गाडीने चाळीसच्या वर जात नाहीत. मातीचा गोळा फुटला की मुळं उघडी पडतात आणि कलम मेलं म्हणून समजायचं. त्यांच्या हातून गोळा फुटत नाही, या भागात त्यांचं नावच आहे. पण आज मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीने दमच सोडला. आधी शिट्टी, मग ओढ बंद. कलमं दुसऱ्या गाडीत भरली, तिच्या ड्रायव्हरने अर्धे गोळे फोडले. पिकअप ओढून अमरावतीला, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. वॉरंटी आहे, एवढाच काय तो धीर.

११ जुलै, अम.
वर्कशॉपचा सुपरवायझर गाडीखाली वाकला आणि तसाच म्हणाला, "मॅडम, फिल्टर कुठंय?"
कसला फिल्टर?
"धुराचा. काजळी अडवतो तो. तुमच्या गाडीत त्या जागी नुसता पाइप वेल्ड केलाय. डॅशबोर्डवरचा दिवा लागू नये म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरलाही फसवलंय."
इंजिनाला ओढ देणारा टर्बो गेलाय. वॉरंटी बाद. मी माठासारखी उभी. मग त्याने आवाज खाली केला. "कुठून तरी एक बसवून आणा, मग क्लेमचं बघू." अंगावर कंपनीचा शर्ट, खिशावर नाव, आणि तोंडात हे! मी म्हटलं, बघू नका. टर्बो आमच्या खर्चाने घाला.

१२ जुलै
रऊफभाईंनी सांगून टाकलं. आडपडदा नाही, हेच काय ते बरं.
"नारंगी दिवा लागे, ताई. मंग गाडी रेंगाळे. वर्कशॉपवाला म्हने, हायवेवर अर्धा घंटा ऐंशीनं पळवा, फिल्टर आपोआप जळून साफ होते. भरली गाडी ऐंशीनं पळवली त गोळे फुटतेत. अन् रिकामी गाडी कोन पळवते? लोक म्हनतीन, रऊफ बह्याड झाला."
म्हणून गेले बंडू मिस्त्रीकडे. त्याने काढून दिला. "थो म्हने, भंगार हाये, फेकून देतो."
मला का नाही विचारलं?
"तुमाले गाडीतलं काय सांगाव, ताई?"
हे जिव्हारी लागलं. गाडी माझ्या नावावर आहे. कलमं सांभाळायची तर फिल्टर तुंबतो, हे खरंच आहे म्हणा. राग मात्र जात नाही.

१६ जुलै
टर्बो घालून गाडी आली. तिचा आरटीओचा फिटनेस दाखला महिनाअखेर संपतोय. ध्यानातच नव्हतं. त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही, आणि लागवडीचे दिवस हे एवढेच. शेकड्यांनी कलमं बुक. फळगळीने लोक बागा तोडून राहिले आहेत. त्यातही जो कोणी नव्याने लावायला निघालाय, त्याच्या हातात वाळक्या काड्या द्यायच्या? नवा फिल्टर कंपनीकडून कधी येईल, कोणी सांगत नाही.
वकीलसाहेब सुटीला अमरावतीहून आले. बायकोची अडचण म्हणजे त्यांना अशील आल्यासारखंच वाटतं. पाय लांब करून म्हणाले, "तपासणीच्या दिवशी गाडीत फिल्टर दिसला पाहिजे. आदल्या दिवशी कुठे होता, हे कोण विचारतं?" पोहे संपवले आणि झोपले.

१९ जुलै
बंडूच्या गॅरेजवर गेले. भांडायलाच गेले होते. त्याने खुर्ची पुसून दिली.
"ताई, नवा कायले घेता? फिटनेसपुरता न्या न. आदल्या रोजी बसवतो, तपासनी झाली का काढतो. सारे तसंच करतेत."
म्हणजे एक चांगला फिल्टर भाड्याने फिरतो. आज या पिकअपला, उद्या त्या. मोर्शीपासून वरुडपर्यंतच्या गाड्या त्याच्यावर पास होतात. कोणकोण नेतं तेही त्याने कौतुकाने सांगितलं. त्यात एकजण दरवर्षी शाळेत झाडं लावायला येतो, हार घालून घेतो, पोरांना प्राणवायू समजावतो.
"नंबर लावा लागते पन. गर्दी हाये."
आणि मी नंबर लावला. घरी येऊन आधी हात धुतले.

२४ जुलै
उद्या तपासणी. सकाळी बंडूकडे. फिल्टर आणला, गाडीखाली सरकवला. रऊफभाई टॉर्च धरून बसले होते. एकदम टॉर्च एका जागी थांबला. मी वाकून बघितलं. फिल्टरच्या वरचा पत्रा सैल, त्याला तारेचा वेढा. रऊफभाई कलमांची जुडी बांधतात तसा दुहेरी पीळ, टोक आत खोचलेलं. अशी गाठ या पंचक्रोशीत दुसरं कोणी मारत नाही. पत्रा वाजत होता म्हणून त्यांनीच कधीतरी बांधली होती.
आमचाच फिल्टर. भंगार म्हणून ठेवून घेतला आणि आता आम्हालाच भाड्याने.
रऊफभाईंनी गाठीवर बोट ठेवलं. "ताई..." एवढंच. मी डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. बंडू नट आवळत गाणं गुणगुणत होता. वाटलं, त्याच पान्याने...
लॅपटॉप लावून त्याने गाडीचा कॉम्प्युटरही पूर्ववत केला. त्याचे पैसे वेगळे.

२५ जुलै, अम.
तपासणी झाली. अधिकारी नीट बघणारा निघाला. वाकून बघितलं, धूर तपासला, दिवे, ब्रेक, सगळं. म्हणाला, "गाडी चांगली ठेवलीय." मला हसावं की ओकावं कळेना. फिटनेस मिळाला, खरा. गाडीत गाडीचाच फिल्टर आहे, खोटं काही नाही. तरी अंग धुवावंसं वाटलं.
परत येताना गॅरेजच्या वळणावर रऊफभाईंनी गाडी हळू केली. मी म्हटलं, "सरळ घरी."

२६ जुलै
बंडू फाटकावर.
"ताई, फिल्टर काढा लागते."
"कोणाचा?"
मी त्याला गाठ दाखवली. लाज नाही की काही नाही. उलट, "तुमी त टाकून देल्ला होता. म्या जपला. म्या नसता जपला त आज फिटनेस कशाच्या भरोशावर झाला असता?" वर हसला. इतका निर्लज्ज माणूस मी पाहिला नाही. मी म्हटलं, भाडं तेवढं घ्या, आणि फाटक लावून घेतलं.
वकीलसाहेबांना फोन. "तक्रार द्यायची तर आधी सांगावं लागेल, आमच्याच ड्रायव्हरने काढून घेतला. आणि गाठ हा काही पुरावा नव्हे." बरं. ठेवा फोन.

२७ जुलै
आज किशोरभाऊ आले, शेजारच्या नर्सरीचे. परवा त्यांच्या पिकअपची तपासणी, नंबर त्यांचा होता.
"वैनी, एका दिवसाचं काम हाये. तुमचं त झालं न?"
आमचा आहे तो, किशोरभाऊ.
"मले मालूम हाये. बंडूनं सांगतलं. मी नाई कुठी म्हनतो? पन माही कलमं काढून ठेवली हायेत."
तुमचा कुठे गेला?
खाली बघत म्हणाले, "इकला."
आमचा बोअर आटला त्या उन्हाळ्यात याच माणसाने स्वतःच्या विहिरीचं पाणी दिलं, एकदाही बोलून दाखवलं नाही. नाहीतर आमची रोपं तेव्हाच गेली असती. दुसरा कोणी असता तर हाकलला असता. यांना काय सांगू? उद्या सांगते म्हटलं. बंडूची चीड येते ती येते, पण त्याने मला या माणसासमोर आणून उभं केलं, याची जास्त येते.

२८ जुलै
सकाळी नारंगी दिवा लागला. इतक्या गाड्यांची काजळी पोटात घेऊन आलेला फिल्टर, लागणारच. रऊफभाई माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, चला, रिकामी पळवू.
"तुमी बसा मंग बाजूले. कोनी इचारलं त सांगाले."
तिवशाकडून हायवेला लागलो, मोझरीच्या पुढे गेलो. मागे काही नाही, नुसती ताडपत्री फडफडतेय. ऐंशीला रऊफभाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं. गोळे नव्हते तरी खड्डा दिसला की ब्रेक. मी म्हणत होते, पळवा, पळवा. मागून जळका वास आला आणि थोड्या वेळाने दिवा विझला. रऊफभाई लहान मुलासारखे हसले. "झालं न, ताई!" मलाही हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.
परत आलो तर फाटकासमोर किशोरभाऊंची ट्रॉली. सगळी कलमं भरून आणलीत, वर ओली पोती. पान्याची पेटी घेऊन बंडू बाजूला उभा. किशोरभाऊ नुसते पोत्यांवर पाणी शिंपडतात.
दुपारी रऊफभाई विचारून गेले, "ताई, काय करू? काढू?"
उद्या सकाळी किशोरभाऊंच्या गाडीची तपासणी आहे. एकदा दिला की परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे, त्यांनाही आहे. गाडीची किल्ली माझ्या हातात आहे. ऊन चढलंय, पोती पुन्हा वाळायला लागलीत, खिडकीतून दिसतात.