न मिटणारा लॅपटॉप

१ सप्टेंबर, सोमवार

मोडला! महिला प्रशिक्षण केंद्राने दिलेला लॅपटॉप, माझ्या सहीने घेतलेला, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात! पडला नाही, आपटला नाही – नुसतं झाकण उघडलं आणि डावी बिजागरी प्लास्टिक फोडून बाहेर आली. देताना केंद्रप्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या, बारा तारखेला सगळ्या सामानाची तपासणी, त्यानंतर नेमणूक पक्की करायची की नाही ते ठरेल. म्हणजे अकरा दिवस.

मॅडमना सांगायला हवं. उद्या सांगते.

२ सप्टेंबर

सांगितलं नाही. केंद्राच्या भिंतीवर पाटी कुणी लावली? मी. ‘मोडलेलं फेकू नका, जोडा!’ वर्गातल्या बायकांना रोज तेच ऐकवते. मग आधी जोडते. ‘मोडला होता, जोडला’ हे ‘मोडला’पेक्षा कितीतरी बरं वाटतं ऐकायला.

झटपट चिकटणारा गोंद आणला. ट्यूबवर बारीक अक्षरात बरंच काही छापलंय. शिकलेल्या माणसाने ते वाचायला हवं. वाचेन.

३ सप्टेंबर

वाचायला हवं होतं.

एक थेंब पुरला असता, मी चार टाकले. गोंद फटीतून थेट बिजागरीत उतरला. आता लॅपटॉप मिटत नाही. अर्धवट उघडा, आ वासून बसलाय. माझा अंगठा आणि पहिलं बोटही एकमेकांना चिकटलेली. धाकटी म्हणाली, “ताई, घरातली पहिली ग्रॅज्युएट तू. पुढे शिकावं की नाही, मी विचार करते.”

आई कारखान्यातून आली. गेली एकोणीस वर्षं ती चपलांचे तळ चिकटवते. तिने माझा हात कोमट साबणाच्या पाण्यात बुडवला आणि दोन बोटांमध्ये पेन्सिल हळूहळू फिरवत नेली. मी झटका द्यायला गेले. “ओढू नकोस. गोंद दुकानात मिळतो, कातडी नाही.”

मग लॅपटॉपकडे बघितलं. ट्यूबला टोपण लावून ती वरच्या फळीवर ठेवली. हे जास्त लागलं.

४ सप्टेंबर

मिटत नाही म्हणून पिशवीत जात नाही. बसमधून दोन्ही हातांवर, चहाच्या ट्रेसारखा नेला. शेजारच्या आजोबांनी वाकून विचारलं, कुठला सिनेमा आहे. मॅडमनी विचारलं, बंद का करत नाही. म्हटलं, काम चालू आहे. खोटं नाही. पण खरंही नाही.

५ सप्टेंबर

धाकटीच्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीने गोंद सुटतो असं वाचलं होतं. सुटला! बिजागरी हलायला लागली. पण झाकणाचं प्लास्टिकही विरघळलं आणि मी तिथेच अंगठा टेकला. आता झाकणावर माझा ठसा आहे, रेघन् रेघ मोजता येईल असा. चोरसुद्धा इतका पुरावा ठेवत नाही.

शिवाय परवाच्या गोंदाच्या वाफेने कॅमेऱ्यावर पांढरा थर बसलाय. ऑनलाइन बैठकीत मॅडम म्हणाल्या, तुमच्याकडे धुकं फार दिसतंय.

७ सप्टेंबर, रविवार

आईला सुट्टी. सकाळीच म्हणाली, “या ग्रॅज्युएटबाई, बसा.”

आधी शेगडी बंद, खिडकी उघडी. टेबलपंखा खिडकीशी, तोंड बाहेर – वारा खायला नाही, वाफ बाहेर काढायला. हातमोज्यांऐवजी हातांत प्लास्टिकच्या पिशव्या. मी लॅपटॉपची वायर काढून बॅटरीही बाहेर काढली, तर खूश झाली. मशिनमध्ये हात घालण्याआधी आम्हीपण बटण बंद करतो म्हणाली. या आठवड्यात मला मिळालेली एकुलती एक शाबासकी!

मग जुना गोंद खरवडायला लावला. दोन्ही बाजू सँडपेपरने घासायला लावल्या. गुळगुळीतावर काही धरत नाही म्हणे. यात अर्धा तास. मला वाटायचं दुरुस्ती म्हणजे चिकटवणं – ते तर सगळ्यात शेवटी, आणि दोन मिनिटांचं. बिजागरीच्या फिरणाऱ्या भागावर तिने न पेटवलेली मेणबत्ती घासली. “जिथे चिकटायला नको, तिथे आधी मेण.” मग दोन ट्यूबांचा गोंद, दोन्हीतला सारखाच घेऊन, जुन्या बरणीच्या झाकणावर कालवून काडीने लावला. अगदी जरासा. वरून कपड्यांचे चिमटे. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

गोंद लावून झाल्यावर सगळ्यांना बाहेरच्या खोलीत हाकललं. दर थोड्या वेळाने मला आत डोकवायला पाठवायची आणि विचारायची, “वास आहे का अजून?” आहे म्हटलं की, “मग थांब.” धाकटी म्हणाली, ताईची तोंडी परीक्षा चाललीय.

८ सप्टेंबर

मिटतो! उघडतो! मिटतो! अकरा वेळा करून पाहिलं. बाराव्या वेळी आईने काढून घेतला.

९ सप्टेंबर

मॅडमना सगळं सांगितलं. अगदी चहाच्या ट्रेपर्यंत. त्यांनी झाकणावरच्या ठशात स्वतःचा अंगठा टेकवून पाहिला. “माझा बसत नाही. म्हणजे तुमचाच.” मग चष्मा काढून म्हणाल्या, “मोडला त्या दिवशी सांगायचं होतंत.” एवढंच. नेमणुकीचं शुक्रवारी बघू म्हणाल्या.

कपाटात असेच बिजागरी तुटलेले सहा लॅपटॉप पडून आहेत. वर्गातल्या बायकांनी त्यांना हात लावण्याआधी भिंतीवर नियम हवेत, म्हणाल्या. एक पान, सोप्या भाषेत. ते मी लिहायचं.

११ सप्टेंबर

पान झालं. नियम आईचे, म्हणून तिला वाचून दाखवलं. शेगडीवर दूध होतं, ती शेजारीच बसली होती. ‘नियम पहिला. खिडकी उघडा. वास जाईपर्यंत तिथे बसू नका.’

“बरोबर आहे,” आई म्हणाली. मग म्हणाली, “आमच्याकडे कारखान्यात खिडकी नाही.”

मला वाटलं, गंमत करतेय. मी हसलेसुद्धा. पुढचा नियम वाचायला लागले, तर धाकटी बाहेरून धावत आली – दूध करपलं म्हणून. मी कागदात डोकं खुपसलेलं, पण नाकात तोवर जळका वास भरला होता. पातेलं आईच्या कोपराशी होतं. तिला कळलंच नव्हतं.

“वास आहे का अजून?” – ती परीक्षा घेत नव्हती. खरंच विचारत होती.

किती वर्षं, म्हटलं. पदराने शेगडी पुसत म्हणाली, चार-पाच असतील. वयाने जात असेल असं वाटलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नेमणूक पक्की झाली. हे दुसरं.

पहिलं हे, की सकाळी निघताना आईने त्या पानाची एक प्रत मागितली. खाली तुझं नाव लिही म्हणाली, पदवीसकट. लिहिलं. तिने घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली.

कशाला हवीय, विचारलं.

“आमच्या मुकादमाला वाचता येतं.”