ओल्या चादरी

ताई,

सोफ्यांच्या दुकानाचं कर्ज आता गळ्याशी आलंय. एक फेडायला दुसरं काढलं, दुसऱ्यापायी तिसरं. वकील म्हणतात, दिवाळखोरीचा अर्ज करून मोकळे व्हा. मला तर शटर ओढून पळून जावंसं वाटत होतं.

मग तुझी लॉन्ड्री आठवली. तुझं दिवाळं निघालं, मशिनं उचलायला माणसं आली आणि तू दारात आडवी उभी राहिलीस. "मशिनं खुशाल न्या, पण आतल्या चादरी लोकांच्या आहेत. त्या आधी बाहेर निघू देत." वर एकेकाच्या हातात चादरीचं टोक दिलंस! जप्तीला आलेले ते धिप्पाड गडी निमूटपणे चादरी पिळत होते. काय बाई आहेस गं तू!

आज मीही शटर उघडं ठेवलं. शेजारच्या आजींचा सोफा पोचवायचा होता. तेवढ्यात वसुलीवाला आला आणि तावातावाने बोलू लागला. मी म्हटलं, "भाऊ, सगळं ऐकतो. आधी हे टोक धरा, गिऱ्हाइकाचा माल आहे."

त्याने धरलं, ताई! वर जिन्यात मलाच दम देत होता, "नीट धरा, कोपरा घासेल."

उद्या अर्ज करतोय. हे पत्र मात्र टाकणार नाही. आत्ता कुठे तू नवं मशीन घेतलंयस. पत्र वाचलंस तर ते विकून पैसे घेऊन दारात उभी राहशील, तुझा काही नेम नाही. सगळं उरकलं की मीच येऊन सांगेन. तोवर ते मशीन फिरत राहू दे.

तुझा,
ससोबा